मोकळे हात

सासऱ्यांनी पिशवीतून मोटर काढून टेबलावर ठेवली, आणि तिच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथल्या तिथे विरून गेलं.

आठवडाभर तिनं ते वाक्य घोळवलं होतं. छापखान्यात पुस्तकांची बांधणी करताना, जिना चढताना, केस विंचरताना. आज रविवार, आज काय वाटेल ते होवो, सांगायचंच, असं ठरवून तिनं दार उघडलं होतं. सासरे चपला काढून आत आले ते थेट म्हणाले, की आता हँडल फिरवायला नको, मोटरच आणली आहे.

कॉफी भाजायचं ते यंत्र तिच्या नवऱ्यानं घरीच जुळवलेलं. जाळीदार पोलादी ड्रम, खाली गॅसची शेगडी, बाजूला हँडल, वर खिडकीबाहेर जाणारं धुराचं नळकांडं. तो जाऊन चार वर्षं झाली. तो गेल्यावर महिन्याभरानं एका रविवारी सासरे आले, स्टुलावर बसले आणि हँडल फिरवू लागले. तेव्हापासून एकही रविवार चुकला नव्हता. ते फिरवायचे, ती बियांच्या रंगावर नजर ठेवायची. हिरवट बिया पिवळ्या व्हायच्या, मग बदामी. खोलीत आधी वाळल्या गवताचा वास यायचा, मग भाजलेल्या पावाचा. ड्रमची घरघर ऐकता ऐकता खोली जमिनीपासून हलकेच सुटल्यासारखी वाटायची. धुराच्या पातळ पडद्यातून ऊन तिरकं उतरायचं आणि बियांची फोलपटं त्यात तरंगत राहायची, खाली यायची त्यांना घाईच नसायची. अशा वेळी बोलायचं नसतं. हात थांबला की बिया करपतात, नजर हलली तरी करपतात. पंधरा-वीस मिनिटं दोघं तिघांसारखी बसत. तिसऱ्याचं नाव कधी निघत नसे.

आणि आता चौथं माणूस आलं होतं. छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री. फारसा बोलका नव्हता, पण त्यानं सरळ विचारलं होतं आणि तिच्या मनानं तितकंच सरळ हो म्हटलं होतं. आधी सासऱ्यांना सांगते, मग बघू, असं म्हणून तिनं त्याला थांबवलं, त्यालाही दोन महिने होऊन गेले. तिला परवानगी मागायची नव्हती. भीती एवढीच होती, की सांगितलं आणि रविवार संपले तर? ती एकदा पोरकी झाली होती. पुन्हा व्हायची तिच्यात ताकद नव्हती.

सासऱ्यांची हयात कारखान्यात लेथ यंत्रावर गेलेली. त्यांनी हँडल उतरवलं, दांड्यावर पुली चढवली, पट्टा ताणला. बोटानं दाबून दाखवला. एवढाच दबला पाहिजे, जास्त नाही. दर वेळी भाजून झालं की फोलपटं झाडायची, साठली तर पेट घेतील. नळकांड्यातून महिन्याला ब्रश फिरवायचा. बेअरिंगला ग्रीस लावायचं, पण यंत्र पुरतं गार झाल्यावर, नाहीतर बोटं भाजून घेशील. ती मान डोलवत राहिली. गावाला निघालेला माणूस किल्ल्या हवाली करतो तसे ते बोलत होते. थकले असतील का? की कुणी कान भरले? विचारायचा धीर होईना.

बटण दाबलं. ड्रम फिरू लागला, हातानं कधी फिरला नव्हता इतका एकसारखा. तिनं बिया ओतल्या. सासरे उतरवलेलं हँडल मांडीवर घेऊन बसले. ती समोर. रंग यायला अजून वेळ होता. दोघांच्या हातांना काहीच काम नव्हतं, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“बाबा, तुम्ही आता यायचं थांबवणार?”

“फिरवायचं थांबवणार,” ते म्हणाले. “मागच्या रविवारी मी हँडल फिरवत असताना चारदा तोंड उघडलंस आणि चारदा मिटलंस. बिया करपतील म्हणून मलाही हात थांबवता येईना. म्हटलं, हे काम मोटरच्या गळ्यात घालावं, म्हणजे पोरीला बोलायला फुरसत होईल. बोल आता.”

घोळवलेलं वाक्य कुठच्या कुठे गेलं. ती उलटसुलट, मधूनच, शेवटाकडून सांगत सुटली. ड्रममध्ये बिया वाळक्या काटक्यांसारख्या तडतडू लागल्या तरी ती सांगतच होती. सासऱ्यांनीच उठून गॅस बंद केला, बिया चाळणीत ओतल्या, पंखा लावला. मग पाठमोरे उभे राहून बराच वेळ पळीनं बिया परतत राहिले. धूर निवळला. एक बी त्यांनी नखानं फोडली, आतला रंग पाहिला, आणि दोन्ही भाग तिच्या तळहातावर ठेवले.

“मागच्या आठवड्यात तुमचा तो मिस्त्री माझ्याकडे आला होता,” ते म्हणाले. “तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला, की दर रविवारी हँडल फिरवून तुमचा खांदा दुखत असेल, ही मोटर घेऊन जा. माझ्या खांद्याचं दुखणं मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलंय? तेव्हाच काय ते समजलो.”

तिला रडावं की हसावं कळेना. सासऱ्यांनी हात पुसले आणि दाराकडे मान वळवली.

“आता वर बोलाव त्याला. पट्टा नीट बसला की नाही ते कळल्याशिवाय जाणार नाही म्हणाला. तासभर झाला, जिन्यातच उभा आहे.”