अहो-जाहो

“आजच्या दिवस मला अरे-तुरे करू नकोस,” धाकटा म्हणाला. “मीही तुला दादा म्हणणार नाही. मिस्त्री म्हणेन. चालेल ना?”

थोरल्याने रंध्याचं पातं अंगठ्यावर तपासलं. “मग मी काय म्हणायचं तुला?”

“मालक म्हण.”

एरवी दोघेही खो खो हसले असते. पण आज पालिकेचा तपासनीस यायचा होता, आणि खुर्च्यांच्या त्या शेडमध्ये हसण्याइतकी ताकद कुणाच्या अंगात राहिली नव्हती.

‘नव्या धंद्याला पाच वर्षं करमाफी’ असा फलक गल्लीच्या तोंडाशी होता. फलकावर न मावलेल्या अटी ऑफिसात ऐकायला मिळत. शटर दिवसभर उघडं हवं. धंदा बदलायचा नाही. चार माणसं कामाला हवीत, आणि त्यांत नातेवाईक धरायचा नाही. एक जरी अट मोडली तर माफ झालेला सगळा कर व्याजासकट परत. बाकीचे धंदेवाले आधी अटी ऐकून आल्या पावली परत गेले. एक छापखानेवाला तर “ही माफी म्हणायची की जामीन?” असं विचारून चहासुद्धा न घेता उठला होता. धाकट्याने मात्र फलक वाचून उडी मारली आणि अटी मग ऐकल्या.

कटाईवाला, पॉलिशवाला आणि गाद्या शिवणाऱ्या बाई, हे तिघे परके. चौथा थोरला. आणखी एक परका माणूस ठेवायचा तर करमाफीत वाचलेलं सगळं त्याच्याच पगारात गेलं असतं. शिवाय थोरल्यावाचून या शेडमध्ये एक खुर्ची धड चार पायांवर उभी राहिली नसती. धाकट्याला रंधा धरायला त्यानेच शिकवलं होतं, मनगटावर टपल्या मारमारून. आडनाव दोघांचं एक, पण त्या आडनावाची शहरात काय कमी माणसं होती! आतापर्यंत खपून गेलं होतं. आज खपलं नाही तर शटर कायमचं खाली येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तपासनीस आला तो लंगडत. बूट चावत असावेत. आल्या आल्या समोर दिसली त्या खुर्चीवर बसायला लागला.

“त्यावर नको साहेब, सरस ओला आहे!” धाकटा ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “अहो मिस्त्री, ती तयार खुर्ची देता का जरा? जपून हं. एकदम वाकू नका, तुमची पाठ धरेल.”

थोरल्याने खुर्ची आणून ठेवली. “घ्या, मालक,” एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. तपासनीस टेकला. डोळे मिटून त्याने बुटातली बोटं हलवली. मग माणसं मोजली आणि शेवटी थोरल्याकडे मान वळवली.

“हे तुमचे कोण?”

“कोणी नाही,” धाकटा म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला. “कामाला आहेत.”

रंध्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, पहिल्यासारखाच. धाकट्याने तिकडे पाहिलं नाही.

तपासनिसाने सही केली. धाकटा त्याला पोचवायला गल्लीत गेला. दोन्ही बाजूंना बंद शटरं होती, कुलपांवर गंज चढलेला.

“या गल्लीत बसायला मिळतं असं एकच ठिकाण उरलंय,” तपासनीस म्हणाला. “वर कळवायचं असतं मला, योजनेला प्रतिसाद आहे म्हणून.”

“आहे का?”

“तुम्ही आहात ना.” तो दोन पावलं लंगडत गेला आणि थांबला. “एक सांगू? मिस्त्रीला एवढं अहो-जाहो करणारा मालक मी अजून पाहिला नाही. पाठीची एवढी काळजी तर माझी बायको करत नाही. थोरले ना तुमचे?”

धाकट्याने मागे वळून शेडकडे पाहिलं.

“घाबरू नका. तुमचंही शटर पडलं तर मी या गल्लीत येऊन तपासायचं काय? सही केलीय मी. जा.”

धाकटा जवळजवळ धावतच आत आला. किती महिन्यांनी छाती मोकळी झाली होती.

“दादा, सुटलो रे! त्याला सगळं कळलं होतं. उगाच केलं आपण एवढं नाटक. चल, चहा घेऊ.”

थोरला फळीवर वाकलेला होता. वर न बघता त्याने भुसा फुंकला.

“तुम्ही घ्या, मालक.”

थट्टा करतोय असं वाटून धाकटा हसत त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. थोरला हसेल म्हणून वाट पाहत राहिला. तो चिडला असता तरी चाललं असतं, दोन शिव्या खाऊन विषय मिटला असता. पण तो नुसता दमलेला दिसत होता, आणि धाकट्याचं हसू तोंडावरच सुकलं.

“अरे, गेला तो. आता कशाला?”

“पुढच्या वर्षी येतील की परत,” थोरला म्हणाला आणि फळी उलटी केली. “सवय असू द्या.”