पिशवीत घातलेला फोन

गुरुराजनं बायकोच्या फोनमध्ये चोरून एक ॲप टाकलं होतं. रत्नम्मा कुठं जाते, ते त्याला बसल्या जागी दिसायचं. एका दुपारी ती वळसंगला मैत्रिणीच्या घरी दिसली. त्यानं तिला भर गल्लीतून ओढत घरी आणलं. तिसऱ्या दिवशी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं.

महिन्याभरानं त्याच्या फोनवर सूचना येऊ लागली, "रत्नम्मा तुमचं ठिकाण पाहत आहे."

तिचा फोन त्यानं स्वतःच्या हातानं फोडला होता. मग त्यानं आपलं सिम बदललं, फोनही बदलला. नव्या फोनवरही तीच सूचना आली.

शेवटी तो सोलापुरात नवी पेठेतल्या पहिल्या मजल्यावरच्या एका मोबाईलच्या दुकानात गेला. दुकानदार अन्वरभाईनं एक काळी पिशवी पुढं केली.

"ह्यात ठेवला की रेंज बंद. तुमी कुटं हाय, कुणाला कळायचं न्हाय. नंबर सांगा, लावून दावतो."

गुरुराजनं फोन पिशवीत घालून झाकण घट्ट बसवलं. अन्वरभाईनं स्पीकर लावून नंबर फिरवला.

रिंग गेली. काउंटरवरची पिशवी मात्र गप्प होती, जराही थरथरली नाही. आणि पलीकडून कुणीतरी फोन उचलला.

"कोण बोलतंय?" अन्वरभाईनं विचारलं.

"त्यांची बायको," आवाज अगदी शांत होता. "ते तुमच्या दुकानात हायत की. जरा बसवून ठेवा त्यांना. मी पायऱ्या चढतीय."