चाळिसावा ठोका

"पाद्रीसाहेब काय म्हणाले रे?" डॉर्कसनं वरच्या खोलीतून विचारलं.

ओबेड पिनक जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. पाद्रीसाहेब फाटकाबाहेर धुक्यात दिसेनासे झाले होते. त्यांचे शब्द तेवढे मागे राहिले होते. लेक लेटी गेली. दुपारी दोन वाजता, गिरणीवरच्या घरात. ताप उतरलाच नाही; डॉर्कसला मात्र सर्दी म्हणूनच सांगितलं होतं.

"घंटा वाजवायचीय," तो म्हणाला.

"सुकी का? गेली बिचारी?"

"आधी जाऊन येतो. अंधार पडायच्या आत झालं पाहिजे."

"नकोच सांगूस. मी मोजीन." ती खोकली. "सुकीच असणार. तान्हेपणी एकाच रविवारी, एकाच पाण्यात बाप्तिस्मा झाला आमचा. ती किंचाळत होती आणि मी झोपले होते, आई सांगायची. आणि हे बघ, लेटीला निरोप दे. म्हणावं, सर्दी काय जन्मभर पुरवणारेस? आईला एकदा तोंड दाखव."

उशाशी विणकाम करत बसलेल्या शेजारच्या मिसेस टॅपर हसल्या. "घंटावाल्याशी लग्न करून काय मिळालं तुला, डॉर्कस? बातमी गावाबरोबरच कळते."

ओबेडनं टोपी घातली. फाटक लावलं तेव्हा ते नेहमीसारखं करकरलं.

*

पुरुष असेल तर नऊ. बाई असेल तर सहा. मूल असेल तर तीन.

मग जरा थांबायचं. मग वयाचे ठोके, वर्षाला एक.

नेदर हॅनिंग गावात मेलेल्याचं नाव कधी कुणी ओरडून सांगितलं नाही. नांगरणारा घोडे थांबवून मोजायचा, बाया पिठाचे हात तसेच धरून मोजायच्या, आणि शेवटच्या ठोक्याला सगळ्यांना नाव कळलेलं असायचं. मेलेल्याच्या घरात मात्र कुणी मोजत नसे. मोजायची ती शेजारपाजारची माणसं.

बेचाळीस वर्षं दोर ओबेडच्या हातात होता. एक ठोका कधी जास्त पडला नाही, एक कमी नाही.

*

"साहेब, आज घंटा राहू द्या," तो फाटकापाशी म्हणाला होता. "डॉर्कस मोजते. सहा आणि एकोणचाळीस. ह्या गावात त्या वयाची बाई एकच आहे."

"रूबेन ऐकत नाही, ओबेड. म्हणतो, माझ्या बायकोला मुक्यानं जाऊ देणार नाही. दोर दुसऱ्या कुणाला देऊ का?"

डॉक्टरांनी त्याच सकाळी सांगितलं होतं. डॉर्कसचं काळीज कागदासारखं झालंय. एक धक्का पुरे. वसंतापर्यंत सांभाळलंत तर उठेल.

"नको," ओबेड म्हणाला होता. "मीच वाजवतो."

*

चर्चच्या मनोऱ्यात ओल होती. वर कावळे.

सहा.

थांबला. तळहात कोटाला पुसले.

एक. लेटी रांगत रांगत चुलीपाशी गेली होती, डॉर्कसनं झडप घालून उचललं.

सात. ह्याच दोराला लोंबकळली होती. दोरानं तिला वर नेलं, ती हसतच खाली आली.

एकोणीस. रूबेनशी लग्न. त्या दिवशी सगळ्या घंटा.

अडतीस.

एकोणचाळीस.

हात थांबायला निघाले. बेचाळीस वर्षांचे शिकलेले हात. खरं तेवढं वाजवून थांबणारे. त्यानं दात आवळले आणि दोर ओढला.

चाळीस.

इथून पुढची वर्षं लेटीची नव्हती. सुकीची होती, निराधारांच्या धर्मशाळेत पेज चाटत पडलेल्या, दर आठवड्याला मरायला टेकलेल्या सुकीची. जिवंत बाईचं मरण तो वाजवत होता. डॉर्कसला मात्र ते पटलं असतं. तिनं उसासा टाकला असता, सुकीसाठी दोन शब्द बोलली असती आणि झोपली असती. गिरणीवर रूबेन मोजणार नव्हता. बाकी गावाला काय सांगायचं ते उद्या.

पन्नास. साठ. सत्तर.

एकाहत्तर.

त्यानं दोर खुंटीला अडकवला. आयुष्यातला पहिला खोटा निरोप. घंटा वर बराच वेळ घुमत राहिली.

*

गल्लीत चिखल होता. लोहार ईनॉक दारात उभा होता. त्यानं टोपी काढली.

"चांगली बाई होती, ओबेड."

ओबेड थबकला. म्हणजे लेटीचं ह्याला कळलं. गिरणीवरून बातमी आलीच.

"ठोके मोजलेस का?" ओबेडनं विचारलं.

"मोजले की. कसे वाजवलेस रे तू? माझ्यानं झालं नसतं."

ओबेड तसाच निघाला. पुढे विहिरीपाशी दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या. एकीनं त्याच्या बाहीला हात लावला. तो पाय उचलून चालू लागला. ह्यातलं कुणी घरी जाऊन डॉर्कससमोर हळहळायच्या आत पोचलं पाहिजे. आधी आपण बोललं पाहिजे. सुकी गेली गं. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. चालता चालता तो तेच वाक्य घोकत राहिला.

वरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. धुकं आत येतं म्हणून, त्याला वाटलं.

फाटक करकरलं. दार आतून उघडलं. मिसेस टॅपर उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात विणकाम नव्हतं.

"सुकी गेली," तो घाईनं म्हणाला. "झोपेतच."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यावरची टोपी हळूच काढून घेतली.

"तू हे फाटक लावलंस ना, त्याच आवाजाला तिनं डोळे मिटले. मी हाक मारायला दारापर्यंत धावले, तर तू धुक्यात गेलेला. म्हटलं, आता ह्याला कोण सांगणार? आणि तेवढ्यात सहा पडले. मग मी तिच्या उशाशी बसून मोजत राहिले. एकाहत्तर. बरोब्बर एकाहत्तर. ओबेड, तुला कुणी सांगितलं रे?"