कोंडी एक दिवस गप्प बसली

“बाहेर ये रं मुडद्या! का आत बसूनच म्हातारा व्हनार हायस?”

कोंडी ओच्यातल्या अंड्याला दम देत होती. मुंगसाने खुडूक कोंबडी नेली, अंडी फोडली, त्यातून एवढं एकच शाबूत सापडलं. तेव्हापासून ते लुगड्याच्या ओच्यात बांधून ती घरभर वावरत होती. भाकरी थापताना, सुनेला बोलताना, कुंपणावरून भांडताना. आज सकाळी कवचाला टोच पडली होती आणि दुपार झाली तरी पठ्ठ्या बाहेर यायला तयार नव्हता.

“आत्याबाय, तुमचा आवाज आयकून घाबरलं आसंल,” सून आवडी म्हणाली.

“तू नाय घाबरलीस ती!”

तेवढ्यात कवच फुटलं. ओलं, काळं, मूठभरही नसलेलं पिल्लू बाहेर पडलं आणि कोंडीच्या तोंडाकडे बघून ओरडलं. कोंडी त्याच्यावर ओरडली. ते गप्प झालं.

पण एकट्या पिल्लाचं काही खरं नसतं. दुसऱ्या दिवशी कण्या टाकल्या तर त्याने चोच लावली नाही. टोचायचं कसं हे दाखवणारं कुणी नको का? कोंडीने जमिनीवर बोट आपटून दाखवलं, तर पिल्लू बोटावर चढून निजलं. ती बोलायची थांबली की मात्र जीव खाऊन चिवचिवाट.

कुंपणापलीकडे धाकट्या जावेची, ठकीची, कोंबडी नुकतीच पिल्लं घेऊन अंड्यांवरून उतरली होती.

“तिकडं सोडा की,” आवडी म्हणाली.

“त्या ठकीच्या दारात? भोपळ्याचा येल तोडला तिनं माझा. मेलं तरी चालंल.” मग कोंडीने ओच्यात बघितलं. “तुला नाय म्हनलं रं.”

तिन्हीसांजेला ठकी पाण्याला गेलेली बघून कोंडी वाकून कुंपणातून पलीकडे शिरली. कोंबडी टोपलीखाली झाकलेली होती. अंधारात कोंबडीला आपलं-परकं कळत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोंडीने टोपलीची कड उचलली, पिल्लू पंखाखाली सरकवलं आणि आली तशी परत गेली. चोरी करतानाही तिची छाती एवढी धडधडली नसती, आणि इथे तर ती देऊन आली होती.

सकाळी तिने नेहमीप्रमाणे अंगणातून मुलाला हाक मारली. “नाग्या! उठला का नाय रं कुंभकर्ना!”

पलीकडे ठकीच्या तांबड्या पिल्लांतून एक काळं पिल्लू सुटलं, कुंपणातून आरपार आलं आणि कोंडीच्या पायावर चढून बसलं.

ठकी कमरेवर हात ठेवून उभीच होती. “माझ्या तांबड्या कोंबडीला रातीत काळं प्वार झालं गं थोरले.”

“मला काय ठावं? घराण्यात आसंल काय तरी.”

“घरानं येकच हाय आपलं.”

ठकी हसली नाही. कुंपणाशी येऊन तिने कोंडीकडून पिल्लू घेतलं आणि आवाज जरा उतरवला. “आयक. हे दर खेपेला तुझ्याकडं पळालं, तर कोंबडी त्येला आपलं मानायची नाय. टोचून मारंल. आजचा दिस तोंड मीट. तिचा आवाज वळखू दे त्येला.”

“मी?”

“जमंल का?”

जमेल का, असं कोंडीला कुणी विचारायचं नसतं. तिने तिथल्या तिथे तोंड मिटलं.

गावाचा दिवस नासला. नागू भिवपुरीला वीजघराच्या कामावर निघाला, पाठीमागून शिवी आली नाही म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला आणि आईच्या कपाळाला हात लावून गेला. सुकटवालीने माप कमी भरलं, कोंडीने नुसतं बघितलं. ती बाई घाबरून ओंजळभर वर घालून गेली. शेजारची भागी तिचा घसा बसला समजून आल्याचा काढा घेऊन आली. आवडी दिवसभर गाणं गुणगुणत होती, तेवढं मात्र कोंडीने लक्षात ठेवलं.

दिवस कलला आणि घार आली.

कोंबडीने हाळी दिली, तांबडी पिल्लं पटापट पंखात शिरली. काळं तेवढं ठकीच्या अंगणाच्या मध्यावर उभं राहिलं. मान वर करून ते कोंडीला शोधत होतं. आता हाक मारली तर ते सगळं उघडं अंगण ओलांडून, घारीच्या डोळ्यांदेखत, कोंडीकडे पळणार. कोंडीने पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं. ओसरीवर ठकी सूप हातात धरून थिजली होती. ती धावली तरी पिल्लू बिथरणार.

घार खाली उतरली.

कोंबडी पुन्हा ओरडली. पंख पसरून, नेमकी त्या काळ्याच्या दिशेने. पिल्लू वळलं, धडपडलं, उठलं आणि पंखाखाली गेलं.

मग कोंडीने बोळा काढला. दिवसभराचं साठलेलं सगळं तिने त्या घारीला दिलं. तिच्या चोचीला दिलं, नख्यांना दिलं, घरट्यात कुणी असतील त्यांनाही दिलं. घार टेकडीमागे गेली तरी कोंडी थांबली नाही. गावाच्या जिवात जीव आला. आवडीचं गाणं बंद झालं.

आवाज ऐकून पंखाखालून एक काळं डोकं बाहेर आलं. कोंडीकडे बघितलं आणि परत आत गेलं.

कोंडी शिवीच्या मध्येच थांबली.

ठकीने सूप खाली ठेवलं, कुंपणाच्या दोन काठ्या उपसून बाजूला टाकल्या आणि म्हणाली, “ये गं थोरले. हुबी राहून दमशील. इकडं बसून दे शिव्या.”