डब्यातला हिरवा

"हे कोनाले खरं वाटनार नाई, पन म्या छापलेल्या हिरव्या रंगानं बकरी फसली हाय," असं म्हणत नारायणराव भगवानरावांच्या गोठ्यासमोरच्या बाजेवर पाय वर घेऊन ऐसपैस बसले.

ऐकणारे तिघंच. भगवानराव, त्यांच्या घरच्या झुंबरबाई आणि नांदुऱ्याचे बियाणे दुकानदार तौसिफभाई. तौसिफभाई उभेच होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं.

बाजेवर बीटी कपाशीची दोन पाकिटं पडली होती. कंपनी एक, नाव एक, तीच काळी अक्षरं, तेच हिरवं पान. एक तौसिफभाईंच्या दुकानातलं, दुसरं जीप घेऊन गावात आलेल्या एजंटाचं. दोन्हीतलं एक बोगस, एवढं नक्की. दुकानदार जीपवाल्याकडे बोट दाखवत होता, जीपवाला दुकानदाराकडे. गेल्या साली भगवानरावांची कपाशी छातीला लागली आणि बोंड धरायचंच विसरली. औंदा तसंच झालं तर शेत दुसऱ्याला वाहायला देऊन भगवानरावांना बांधावर बसायची पाळी होती.

बोगस पाकिटं छापली जातात ती नांदुऱ्यात, हे तर साऱ्यांना ठाऊक. उन्हाळ्यात तिथून निघालेल्या एसटीत रिकाम्या पाकिटांचं बंडलच सापडलं होतं. म्हणून तर भगवानरावांनी तिथले जुने छापखानेवाले नारायणराव बोलावले. छपाई ओळखणारा माणूस पाहिजे होता.

नारायणरावांनी आधी बकरीची गोष्टच उरकली. कृषी मेळाव्याच्या पत्रकाचं काम आलं होतं. गिऱ्हाईकानं कॉम्प्युटरवर करून आणलेलं, आणि त्यात काळा रंगसुद्धा चार शाया मिसळून केलेला. तसंच मशीनवर चढवलं असतं तर अक्षरं फुटून कागदाचा चिखल झाला असता. मग नारायणरावांनी ठाण मांडून एकेक अक्षर निव्वळ काळ्यात आणलं आणि चित्रातलं झाडाचं पान निव्वळ हिरव्यात. काळ्याची प्लेट वेगळी, हिरव्याची वेगळी. मग हिरव्या शाईचा डबा फोडला. पत्रकं वाळत घातली, तर बाजारातली एक बकरी आली आणि साऱ्या पत्रकांवरची पानं तेवढी खाऊन गेली. एका अक्षराला तोंड लावलं नाही.

झुंबरबाई पदराआड हसल्या. भगवानराव हसले नाहीत. त्यांचं लक्ष तौसिफभाईंच्या हातांकडे होतं. ते हात सारखा रुमाल काढत होते, घाम पुसत होते, पुन्हा खिशात जात होते. यालाच एवढा घाम काऊन, असं भगवानरावांच्या मनात आलं.

"बाकीचे छापखाने निस्ता काळा छापते," नारायणराव म्हणाले. "हिरवा पाह्यजे त नांदुऱ्यात एकच मशीन, माही. चार रंगाच्या कामाले त लोक अजूनबी अकोल्याले पळते."

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि भगवानरावांच्या हातात दिलं.

भगवानराव वाकले. तौसिफभाईंच्या पाकिटावरचं पान भिंगाखाली पार फुटलं. हिरवा रंग कुठं नव्हताच. नुसते निळे आणि पिवळे ठिपके, एकमेकांना चिकटून बसलेले. जीपवाल्याच्या पाकिटावरचं पान मात्र भिंगाखालीही तसंच होतं. सपाट, गडद, सारवल्यासारखं एकजीव.

"ठिपके म्हंजे मिसळ," नारायणराव म्हणाले. "मिसळ म्हंजे नक्कल. असली हिरवा डब्यातूनच येते."

आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर भगवानरावांची शंका मिटली. त्यांनी तौसिफभाईंना विचारलं, आता काय म्हंता?

"मी त कंपनीचा माल आनतो, भाऊ," तौसिफभाई खाली पाहत म्हणाले. "पाकिटं कुठं छापते, मले काय ठाऊक."

हे उत्तर भगवानरावांना फारच गुळगुळीत वाटलं. इतकी वर्षं दुकान आणि पाकीट कुठून येतं ते ठाऊक नाही! त्यांनी ते ठिपक्यांचं पाकीट उचलून तौसिफभाईंच्या पायाशी टाकलं. गावात कोणीच त्या दुकानाची पायरी चढणार नाही याची तजवीज करतो, हेही ऐकवलं. तौसिफभाईंनी वाकून पाकीट उचललं, धूळ झटकली.

"मी त म्हंतोच, चोर नांदुऱ्यातलाच हाय," नारायणरावांनी दुजोरा दिला. "बाहेरून छापून आननं त्याले परवडतेच कुठं?"

भगवानरावांनी झुंबरबाईंना जीपवाल्याचं पाकीट फोडायला सांगितलं. सरकी आजच टोबायची होती.

झुंबरबाईंनी पाकीट घेतलं, पण फोडलं नाही. भिंग मागून घेतलं. ते सपाट हिरवं पान बराच वेळ पाहिलं. मग भिंग नारायणरावांच्या हातात परत ठेवलं.

"भाऊजी, बकरीची गोष्ट मी खरी मानली," त्या म्हणाल्या. "पन चोर नांदुऱ्यातच छापते, अन् नांदुऱ्यात हिरवा छापनारं मशीन तुमचं एकलंच. ठिपक्याचं मिसळीचं काम त अकोल्याले होते, मंग ते पाकीट चोराचं कसं होईन? चोराचं त हे हाय. तुमच्या डब्यातलं."