कॅरिअर नसलेली सायकल

मालन गेल्यापासून कोंडीरामच्या सायकलचं मागचं चाक दबलेलं असायचं. सायकल नुसती भिंतीला टेकवलेली असली, तरीही. पेडल मारून दम लागायचा आणि मिलला रोज उशीर व्हायचा.

परळ नाक्यावरच्या भिवा सायकलवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली. एकही बुडबुडा आला नाही. मग त्याने नवा टायर चढवला, हवा ठासून भरली आणि सायकल समोरच्या भिंतीला टेकवली. भिंतीवर चुन्याने ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेलं होतं.

दोघे उकिडवे बसून बघत राहिले. चाक हळूहळू दबलं. कुणीतरी बसावं, तसं.

“दादा, मागे कोण बसायचं?”

“मालन. सभांना घेऊन जायचो. लग्न नवं होतं तेव्हा पुढे दांडीवर बसायची. मग चाळीतले हसायला लागले, तशी मागे गेली.”

भिवाने फडक्याला हात पुसले. “ही मला देऊन टाका. बदल्यात दुसरी घेऊन जा. कॅरिअर नसलेली.”

“ही दिली तर ती बसेल कुठे?”

“तेच म्हणतोय मी.”

नोकरी तर टिकवायची होती. कोंडीरामने होकारार्थी मान हलवली.

भिवाने कॅरिअर नसलेली एक सायकल बाहेर आणून ठेवली आणि जुनी आत नेली. उंबऱ्यावरच तिचं मागचं चाक पुन्हा फुगलं, गोल आणि टणक. कोंडीरामला एकदम पोरकं वाटलं. त्याने नव्या सायकलचं हँडल धरलं.

ते हातात जड झालं. त्याने खाली पाहिलं. पुढचं चाक दबत होतं.