सुतळीचं टोक

रानात आम्ही दोन कापडी झुले झाडांना शेजारी शेजारी बांधले. नातीचा जरा उंच, आणि माझे गुडघे बघून माझा खाली. दोन्हींवर ताडपत्री ताणली. पाऊस भरून आला होता, म्हणून पैज लागली. दुपारच्या झोपेतून जो ओला उठेल, त्याने सगळी भांडी घासायची.

"आजोबा, वर ताडपत्री आहे की! पाणी येणार कुठून?"

"दोरीवरून. ती धरून पाणी गुपचूप झुल्यात उतरतं. म्हणून झुल्याच्या अलीकडे दोरीला सुतळी बांधून खाली सोडायची. पाणी सुतळीवर वळतं आणि तिच्या टोकाशी गळतं."

"म्हणजे टोक असेल तिथेच?"

"अगदी तिथेच. शहाणी गं माझी पोर!"

तिने चांगली लांबलचक सुतळी मागून घेतली. मी कौतुकाने दिली, माझी सुतळी बांधली आणि आडवा झालो. डोळा लगेच लागला.

जाग आली तेव्हा ती खडखडीत कोरडी होती आणि माझी पाठ चिंब.

"असू दे आजोबा, होतं असं कधीकधी," ती म्हणाली.



भांडी घासायला उठताना मी माझी उशी उचलली, तर नातीच्या सुतळीचं टोक तिच्याखाली नीट खोचलेलं होतं.